फटफटीच्या डब्यातून तुंगाक्काकडं

सगळ्यात आधी आली ती गोदाक्का. ती येणारच होती. गल्लीत कुणाची चूल रोजच्यापेक्षा लवकर पेटली तरी तिला धूर दिसतो, इथं तर दारात फटफटी उभी आणि तिच्या बाजूच्या डब्यात आमची सून गोधडी अंथरतेय. गोदाक्कानं डब्याला एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "यसाक्का, ह्यात तू बसणार व्हय? मला वाटलं भोपळे बाजारला चाललेत."

मी म्हटलं, मीच बसणार, आणि भोपळे राहिले तर तुझ्याकडं पाठवून देते. तोवर तिच्यामागं अख्खी गल्ली गोळा झाली. पोरं डब्याला हात लावून पळत होती. एका बाईनं सुनेला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, सासूबाईंचं दुखणं डोक्यात गेलं का.

मी आता परत येऊन बसलेय, पण ज्या त्या बाईला हेच ऐकायचं असतं की रस्ता कसा, लुगडं कसं सावरलं, पाठ दुखली का. पहिल्यापासून सांगून सांगून घसा बसला. म्हणून लिहून ठेवते. मी दुसरी इयत्ता शिकलेली, माझी जोडाक्षरं चुकतात, ती नात नीट करील. कुणाला जायचं असेल त्यांनी वाचावं, कुणाला नुसतंच मनानं जायचं असेल त्यांनीही वाचावं.

माझ्या पाठीचं आधी सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. सहा वर्षांमागं मी तंबाखूच्या भरल्या गाडीवरनं खाली पडले. हाडं जुळली, पण तेव्हापासून हादरा म्हणून सोसत नाही. सर्व्हिस मोटारीतनं एकदा कोल्हापूरला नेलं होतं, आल्यावर आठवडाभर पालथी पडून होते. तेव्हा डॉक्टरनी सांगितलं की आता घर आणि अंगण एवढंच. माझी थोरली बहीण तुंगाक्का बेळगावात, खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत. तिचे गुडघे गेलेले, ती घराची पायरी उतरत नाही. म्हणजे एक हलू शकत नाही आणि दुसरी हादरे सोसू शकत नाही. मधे पंचेचाळीस मैल रस्ता. सहा वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलेलं नव्हतं. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आता भेट व्हायची नाही हे मी समजत होते, पण बोलत नव्हते.

दत्तू माझ्या थोरल्याचा मुलगा. लढाईत तो मिलिटरीच्या मोटारी चालवायला होता. लढाई संपली तेव्हा बेळगावच्या कँपात जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यातली ही बाजूला डबा असलेली फटफटी त्यानं आणली. आल्या दिवसापासून तो म्हणत होता, आज्जे, तुला मी तुंगाज्जीकडं नेणार, आणि तुझ्या पोटातलं पाणी हलणार न्हाय. मी हसण्यावारी नेलं. पण त्यानं नेलं नाही.

त्यानं काय केलं, मला वखारीत नेऊन तंबाखू तोलायच्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवलं. किती भरले ते मी सांगणार नाही. तेवढ्या वजनाची जोंधळ्याची पोती त्यानं डब्यात बांधली आणि निपाणीच्या आसपासचे सगळे वाईट रस्ते पालथे घातले. मला त्यानं समजावून सांगितलं ते असं. फटफटीच्या पुढच्या चाकाला एक मोठा चिमटा असतो, त्याच्या पोटाशी जाड स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि पुन्हा उसळते. नुसती स्प्रिंग असेल तर ती उसळतच राहील. म्हणून चिमट्याच्या कडेला एकावर एक चकत्या बसवलेल्या असतात, पापडांच्या चळतीसारख्या. त्या एकमेकींवर घासतात आणि उसळीला धरून ठेवतात. वर एक काळी फिरकी असते. ती पिळली की चकत्या घट्ट, सोडली की सैल. पोती डब्यात घालून त्यानं ती फिरकी माझ्या वजनाला लावून ठेवली. डब्याच्या खाली बैलगाडीला नसतात तसे लोखंडी पाटे असतात, त्यांना आणि चिमट्याच्या खिळ्यांना वंगण दिलं. मग नवरात्र आलं आणि फटफटी झाकून ठेवली.

घरातून परवानगी मिळाली ती एका अटीवर. आमचे हे चाळीस वर्षं तंबाखूच्या गाड्या हाकत आलेले, यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी ठरवलं की ते पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं पुढं संकेश्वरला जाणार, तिथं ओळखीच्या माणसाची बैलगाडी गादी घालून तयार ठेवणार, आणि मी फटफटीतनं पाठ धरून उतरले की तिथनंच गाडीत निजवून हळूहळू घरी. पुन्हा बेळगावचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डब्यात बसायची रीत सांगते: पाय आधी घालू नका, आधी काठावर बसा, मग पाय आत वळवा. नऊवारी असेल तर काष्टा घट्ट, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधा, नाहीतर तो संकेश्वरला तुमच्याआधी पोचतो. पाठीशी गोधडीची वळकटी, मांडीवर पाण्याचा तांब्या.

निपाणीची वेस ओलांडेपर्यंत मला झोपाळ्यावर बसल्यागत वाटत होतं. पुणे-बंगळूर रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना झाडं, तंबाखूची रोपं हातभर वाढलेली. तवंदीचा घाट चढताना फटफटी बैलाच्या चालीनं चालली होती. मी दत्तूला ओरडून सांगितलं की उगाच भीत होते. घाटमाथा आला, रस्ता सपाट झाला, दत्तूनं वेग दिला, आणि पावसानं धुऊन नेलेल्या खड्ड्यांची रांग लागली.

पहिल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं ते बाहेर आल्यावर थांबेचना. वर, खाली, वर, खाली. दत्तूच्या हातातला दांडा थरथरत होता, डबा माझ्याबरोबर नाचत होता, तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या मांडीवर. तिसऱ्या खड्ड्याला पाठीत ती जुनी कळ आली, सुई टोचल्यागत. मी दात आवळले. बोलले असते तर प्रवास तिथंच संपला असता. पण दत्तूनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गाडी झाडाखाली घेतली.

मी उतरून दगडावर बसले. त्यानं पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडला, तर चाक बेडकासारखं उड्या मारत राहिलं. त्यानं फिरकी पिळली, पिळली, पार शेवटाला नेली. तरी तेच. मग त्यानं चकत्यांच्या फटीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आज्जे, ह्यात तेल कुणी घातलं गं?"

मी वास घेतला. "तेल न्हवं रं. एरंडेल हाय."

पुढं सांगायची गरज नव्हती. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कोयते, तराजू, गाड्या सगळ्यांची पूजा असते. आमच्या ह्यांच्या मते चाकाला वंगण दिल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. यंत्रावर विश्वास नाही, पण पूजेला बसलेल्या वस्तूवर माया अफाट. त्या दिवशी फटफटीला झेंडू वाहून, सगळे झोपल्यावर दुपारी ते एरंडेलाची कुपी घेऊन एकटेच तिच्यापाशी बसले असणार, आणि जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं मनोभावे थेंब सोडला असणार. भोंग्यातसुद्धा तेल निघालं. आणि चकत्यांत तर न्हाऊ घातलं होतं. ज्या चकत्यांनी घासून धरायचं, त्या आता निसटत होत्या.

दत्तूनं पान्यानं फिरकी काढली आणि चकत्या एकेक करून माझ्या समोरच्या कातळावर मांडल्या, एक लोखंडी, एक काळपट, एक लोखंडी, एक काळपट. पेट्रोल कुपनावर मिळतं, उधळता येत नाही. टाकीतनं थोडंसं काढून त्यानं चकत्या पुसल्या. लोखंडी साफ झाल्या, पण काळपटांच्या अंगात तेल मुरलं होतं, बोट लावलं की चिकट. त्यानं डोक्याला हात लावला.

आता एरंडेल अंगातनं कसं काढायचं हे मला कुणी शिकवायला नको. चार पोरी आणि सहा नातींची डोकी धुतली आहेत मी. तुंगाक्कासाठी नेलेली शिकेकाई आणि रिठ्याची पुरचुंडी माझ्या पिशवीत होती. दत्तू म्हणाला, आज्जे, हे यंत्र हाय, केस न्हवंत. मी म्हटलं, तुझ्या यंत्राला सांग, तेल ते तेल. तांब्यातल्या उरलेल्या पाण्यात रिठा चोळून फेस केला आणि एकेक चकती घेऊन पोरींच्या टाळूसारखी घासली. खालच्या ओढ्यातनं दत्तूनं पुन्हा पाणी आणलं, पुन्हा घासली. मग विटकरीच्या तुकड्यानं वरचा गुळगुळीतपणा घालवला आणि उन्हानं तापलेल्या कातळावर वाळत टाकल्या.

वाळेस्तोवर बसायचं होतं, तर काय गंमत. वाटेनं येणारी प्रत्येक बैलगाडी थांबायची. गाडीवान खाली उतरून चकत्यांकडं बघायचा, कोरड्या दिसतात म्हणून हळहळायचा, आणि गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं सोडून आम्हाला द्यायला पुढं यायचा. आम्ही नको म्हटलं की त्याला अपमान वाटायचा. एक म्हातारा तर रुसला. म्हणाला, "मावशी, तेल फुकट देतोय, विष न्हवं." मी त्याला हातातली शेंगदाण्याची चिक्की दिली तेव्हा त्याची समजूत पटली. लोक मायाळू आहेत, पण ह्या रस्त्यावर फटफटी उघडून बसाल तर चकत्यांवर पदर झाका, एवढं ध्यानात ठेवा.

चकत्या खडखडीत वाळल्या, दत्तूनं जोडल्या. मग खरी मजा. तो फिरकी थोडी पिळायचा, मला बसवून त्या खड्ड्यांवरनं एक फेरी मारायचा आणि विचारायचा, आता? मी म्हणायची, अजून बेडूक. पुन्हा पिळायचा. फार पिळली तेव्हा चाक उसळायचंच बंद झालं, पण बारीकसारीक खडा माझ्या दातापर्यंत कळायला लागला. मी म्हटलं, आता जातं झालं, दळण नको. त्यानं जरा सैल केली. पुढच्या चाकातली हवाही थोडी सोडली. पुन्हा फेरी. खड्डा आला, चाक खाली गेलं, वर आलं आणि तिथंच शहाण्यासारखं राहिलं. डबा एकदाच डुलला. पाठीत काही नाही. मी मांडीवरच्या तांब्याकडं बघितलं, पाणी काठाशी येऊन परत फिरलं होतं.

दत्तूनं विचारलं, आज्जे, आता काय? मी म्हटलं, म्हैस. पाण्यात बसलेली. चल.

संकेश्वरापर्यंत मी गाणी म्हणत गेले.

मोटारथांब्यापाशी हे उभे होते, मागं गादी घातलेली बैलगाडी, बैल जुंपलेले. उशीर झाल्यानं त्यांचं तोंड उतरलेलं. माझा हात धरायला ते पुढं आले. मी हात दिला नाही. काठावर बसले, पाय बाहेर वळवले, उभी राहिले आणि त्या बैलगाडीला एक अख्खी फेरी घालून त्यांच्यासमोर आले.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

"हाय. जागच्या जागी."

 ते डोळे वळवून फटफटीकडं बघायला लागले, आणि तेवढ्यात त्यांना चकत्या दिसल्या, कोरड्या. हात आपोआप कमरेच्या कुपीकडं गेला. दत्तूला म्हणाले, ह्या ठाक पडल्यात की रं, थेंबभर सोडतो.

मी त्यांचं मनगट धरलं. "अवो, तिथं थेंब पडला तर मी बेळगावास्नं परत येणारच न्हाय."

मग दत्तूनं त्यांना नीट सांगितलं. आवाज चढवला नाही, गुणी आहे पोरगं. त्यानं एवढंच विचारलं, "आप्पा, घाट उतरताना चाकाला लाकूड दाबून धरता, त्याला एरंडेल लावता का?"

चाळीस वर्षं घाट उतरलेला माणूस. त्यांनी लाकडाचा विचार केला, चकत्यांचा विचार केला. स्वतः वाकून फटफटीचा पुढचा भाग दाबून सोडला. तो एकदा वर आला आणि थांबला. त्यांनी पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही दाबला. मग कुपीचं बूच घट्ट लावलं.

"मग पूजेला तिथं काय लावायचं?" त्यांनी विचारलं.

"हळदकुंकू," दत्तू म्हणाला.

"लावतो," हे म्हणाले. आणि बैलगाडीवाल्याला सांगितलं, गादी घेऊन परत जा. त्याला वाटलं आता म्हातारी मोटारीनं जाणार, म्हणून विचारायला लागला. हे म्हणाले, म्हातारी कशानं जायची ती जाईल, तू जा.

थांब्यापाशी मिरचीची भजी खाल्ली. संकेश्वरची मिरची, डोळ्यांतनं पाणी आलं, ते बरंच झालं, कशाचं पाणी ते कुणाला कळलं नाही. तिथं चहा गोड देतात, साखर टंचाईची असली तरी गुळाचा करतात, तो प्यावा. निघताना हे दत्तूच्या मागच्या बैठकीवर बसले, धोतर सावरून. वजन वाढलं म्हणून दत्तूनं फिरकी अजून थोडी पिळली. पिळताना हे त्याच्या हाताकडं टक लावून बघत होते. पुढं यमकनमर्डीपाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो तर ती फिरकी तपासायला पहिले उतरले ते हेच.

हत्तरगीपुढं घटप्रभेच्या पुलावरनं नदी भरून वाहताना दिसते, तिथं जरा थांबा. पुढं डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. काकती ओलांडली की हवा बदलते, गार होते, मातीचा रंग लाल होतो, भाताची शेतं लागतात. तिथं रस्ता निपाणीकडच्यापेक्षा वाईट आहे, खड्डे लहान पण लागोपाठ. तिथं मी डोळे मिटून बसले आणि नुसतं मोजत होते की कळ येते का. आली नाही. डोळे उघडले तर किल्ल्याचा तट समोर.

खडेबाजारात टांगेवाल्यांनी वाट दिली नाही. एकानं आमच्या ह्यांना विचारलं, "आजोबा, आजीला टोपलीत घालून कुठं निघालासा?" हे म्हणाले, "माहेराला." तुंगाक्काच्या गल्लीत फटफटी शिरत नव्हती, मी कोपऱ्यावर उतरले आणि चालत गेले.

ती आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती, पाय लांब करून, शेंगा फोडत. नजर अधू झालीय. पायरव ऐकून तिनं विचारलं, कोण गं? मी म्हटलं, यसू.

"खोटं. यसू आली तर चौघांच्या खांद्यावरच्या खाटेवरनं यायची. चालत न्हवं."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं माझं तोंड चाचपलं, मग हात माझ्या मागं नेला आणि पाठीवरनं वरपासून खालपर्यंत फिरवला, दोनदा, हाड न् हाड मोजल्यागत. आणि शेंगांची टोपली माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, बसलीसच तर फोड.

तीन दिवस आम्ही फोडत होतो. शेंगा कमी, बाकी सगळं जास्त. मेलेल्या माणसांचे हिशेब, जिवंत माणसांच्या सुना, आमच्या आईच्या हातची आमटी कुणाला जास्त जमते ह्यावरनं भांडण. तिच्या सुनेनं खव्याचा कुंदा आणवला. बेळगावला गेलात तर कुंदा त्याच दिवशीचा बघून घ्या, शिळा कोरडा होतो. हे तीनही दिवस रोज सकाळी फटफटीपाशी जाऊन पुढचा भाग दाबून बघायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्याला चकत्यांचं सांगायचे, जणू त्यांनीच शोधून काढलंय.

निघायच्या दिवशी तुंगाक्का म्हणाली, मला त्या डब्याला हात लावून बघायचाय. दत्तूनं आणि तिच्या मुलानं तिला खुर्चीसकट उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. तिनं गोधडी चाचपली, काठ चाचपला, आणि दत्तूला म्हणाली, बसव. खडेबाजाराला एक फेरी मारून तो तिला परत घेऊन आला. पदर खांद्यावर पडलेला, केस उडालेले, दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मला वाटलं आता ती रडणार. तिनं विचारलं, "यसू, निपाणीला तुम्ही सकाळी भाकरी कशाची करता?"

परतीचं सांगण्यासारखं काही घडलं नाही, हीच त्यातली मोठी गोष्ट. तवंदीच्या माथ्यावर तो कातळ दिसला, मी दत्तूच्या गुडघ्यावर थोपटलं, बस्स. घरी आले ती चालत आत गेले आणि पिठाचा डबा खाली काढला. सून ओरडली, मी ऐकलं नाही. आता संध्याकाळी दत्तू फटफटी बाहेर काढतो तेव्हा आधी मला विचारतो, फिरकी कुठं ठेवू. गल्लीतल्या बाया पाठीला काय औषध घेतलंस म्हणून विचारतात. औषध नाही. पाठ आहे तशीच आहे. रस्ता मात्र मला आता सोसेल एवढा झालाय.

आणि तुंगाक्का आली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, त्याच डब्यातनं, तिची सून मागनं सर्व्हिस मोटारीनं. दत्तूनं आधी तिचं वजन विचारलं तेव्हा म्हणाली, यसूपेक्षा कमी, एवढं लिहून घे. आठ दिवस राहिली. माझ्या अंगणात बसली, तुळशीला मी अक्षता टाकल्या तेव्हा तिनंही टाकल्या, गोदाक्काला तोंडावर उलट बोलली, ते बघायला गोदाक्का रोज येत होती. सहा वर्षं आम्ही दोघी नुसतं 'बघू' म्हणत आलो होतो. परवा निघताना डब्यात बसून पदर हनुवटीखाली बांधला आणि न विचारता तिनंच दिवस सांगितला: संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला.